युरोप सहली नेणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांना खुले पत्र : लिंडाऊच्या बेटावर रेल्वेने उतरा

प्रति,
महाराष्ट्रातून युरोपच्या सहली नेणाऱ्या सर्व पर्यटन संस्थांचे चालक, सहल-नियोजक आणि टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या युरोप सहलींच्या कार्यक्रमपत्रिका मी आवडीने वाचत असतो. त्यांपैकी अनेकींमध्ये दक्षिण जर्मनीतून स्वित्झर्लंडकडे जाण्याचा एक दिवस असतो आणि तो जवळजवळ सगळा बसमध्ये जातो. सकाळी म्युनिकहून निघायचे, ९६ क्रमांकाच्या महामार्गाने नैर्ऋत्येला यायचे, ब्रेगेन्त्सजवळ फेंडर डोंगराखालच्या बोगद्यातून पलीकडे निघायचे आणि संध्याकाळपर्यंत मुक्कामी पोहोचायचे, असा तो क्रम असतो. बोगद्यात शिरण्याच्या थोडे आधी उजव्या हाताला, महामार्गापासून अवघ्या काही किलोमीटरांवर, बोडेनझे सरोवरातले लिंडाऊ नावाचे बेट मागे पडते. या बेटावर एक रेल्वे स्थानक आहे आणि म्युनिक ते लिंडाऊ हा टप्पा आपण आपल्या प्रवाशांना रेल्वेने घडवावा, एवढ्या एका विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती छोटी असली तरी तिच्यामागचे कारण मोठे आहे, म्हणून ते सविस्तर मांडतो.

लिंडाऊ हे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या नैर्ऋत्य टोकाचे सुमारे पंचवीस हजार वस्तीचे गाव आहे. त्यातले जुने गाव तेवढे बेटावर आहे, बाकीची वस्ती समोरच्या किनाऱ्यावर पसरली आहे. इंग्रजी नकाशे ज्याला लेक कॉन्स्टन्स म्हणतात त्या या सरोवराला जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड असे तीन देश लागून आहेत आणि लिंडाऊ अशा कोपऱ्यात वसले आहे की, इथून ऑस्ट्रियातले ब्रेगेन्त्स लोकल गाडीने पाव तासाच्या आसपास येते आणि त्यापुढे थोड्याच वेळात स्वित्झर्लंडची हद्द लागते. दर वर्षी उन्हाळ्यात नोबेलविजेते शास्त्रज्ञ आणि जगभरातले तरुण संशोधक या गावात जमतात. १९५१ पासून चालत आलेल्या या संमेलनाला भारतातले संशोधकही जातात. मात्र आपल्याकडच्या सामान्य पर्यटकाला हे गाव फारसे ठाऊक नाही. ठाऊक असलेच तर ते बंदराच्या तोंडाशी बसलेल्या दगडी सिंहाच्या छायाचित्रापुरते असते.

त्या सिंहाचा आणि रेल्वेचा जन्म एकाच घडामोडीतून झाला, हे मात्र छायाचित्रात दिसत नाही. शतकानुशतके स्वतंत्र शाही नगर म्हणून नांदलेले लिंडाऊ १८०५ मध्ये बव्हेरियाकडे आले. सरोवराचा बराचसा उत्तर किनारा बाडेन आणि व्ह्यूर्टेम्बर्ग या शेजारच्या राज्यांकडे होता, बव्हेरियाच्या वाट्याला आलेली किनारपट्टी अगदी चिंचोळी होती आणि त्या पट्टीवरचे महत्त्वाचे बंदर म्हणजे लिंडाऊ. व्ह्यूर्टेम्बर्गने उल्म शहरापासून फ्रिडरिशहाफेनच्या बंदरापर्यंत आपली रेल्वे १८५० पर्यंत पुरी केली. स्वित्झर्लंडशी होणारा व्यापार शेजाऱ्याच्या बंदरातून जाऊ द्यायचा नसेल तर बव्हेरियालाही आपल्या हद्दीतून, आपल्या बंदरापर्यंत रूळ न्यावे लागणार होते. त्या गरजेतून जो मार्ग घडला तो थेट राज्याच्या ईशान्य सीमेवरच्या होफपासून बांबेर्ग, न्युरेम्बर्ग, आउग्सबुर्ग आणि केम्प्टेनमार्गे लिंडाऊपर्यंत जाणारा, साडेपाचशे किलोमीटरांहून लांब असा सरकारी लोहमार्ग. राजा लुडविग पहिला याच्या नावाने तो ओळखला जाई.

या मार्गाचा शेवटचा तुकडा सर्वांत अवघड होता. केम्प्टेनपासून पुढे आल्प्सच्या पायथ्याची चढउताराची जमीन आहे, आणि शेजारच्या राज्याची हद्द टाळायची म्हणून सोपी वाटही घेता येत नव्हती. नकाशावर पाहिले तर रूळ इमेनश्टाट आणि ओबरश्टाउफेनकडून किती वळसे घेत सरोवराकडे उतरतात ते लक्षात येते. गाडीत बसल्यावर ते अंगाला जाणवते, कारण दऱ्या भरून केलेले उंच मातीचे भराव एकामागून एक येतात आणि आता सरोवर दिसेल, आता दिसेल असे वाटत असताना गाडी पुन्हा एका वळणात शिरते. ऑक्टोबर १८५३ मध्ये रेल्वे एशाखपर्यंत, म्हणजे बेटासमोरच्या किनाऱ्यापर्यंत आली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेही हेच वर्ष, एप्रिल महिना. आपल्या प्रवाशांना हे सांगितले तर त्या काळाची कल्पना त्यांना दुसऱ्या कशानेही येणार नाही इतकी चटकन येईल. एशाख ते बेट हे सुमारे अर्ध्या किलोमीटरचे पाणी ओलांडण्यासाठी सरोवरात भराव टाकून वाट करण्यात आली आणि मार्च १८५४ मध्ये गाडी बेटावर पोहोचली. त्याच सुमारास बंदराची नव्याने बांधणी झाली आणि १८५६ मध्ये त्याच्या मुखाशी एका बाजूला सहा मीटर उंचीचा सिंह आणि दुसऱ्या बाजूला ३३ मीटर उंचीचा दीपस्तंभ उभा राहिला. दीपस्तंभावर गावाकडे तोंड केलेले मोठे घड्याळ आहे, ही तशी दुर्मीळ गोष्ट. सिंह गावाकडे पाठ करून पाण्याकडे पाहतो. बव्हेरियाचे राज्यचिन्ह असलेला हा सिंह समोरच्या दोन देशांना सांगत होता की, आमची रेल्वे इथपर्यंत आली आहे.

पुढची काही दशके या छोट्या स्थानकाच्या भरभराटीची होती. १८६९ पासून लिंडाऊ ते स्वित्झर्लंडमधल्या रोमान्सहॉर्नपर्यंत रेल्वेचे मालडबे चक्क बोटीवर चढवून सरोवरापार नेले जाऊ लागले. डब्यातला माल उतरवायचा नाही, डबाच रुळांवरून बोटीत ढकलायचा आणि पलीकडच्या काठावर पुन्हा रुळांवर घ्यायचा, अशी ही सोय होती आणि ती १९३९ पर्यंत चालू होती. १८७२ मध्ये ऑस्ट्रियाची फोरार्लबेर्ग रेल्वे ब्रेगेन्त्सहून लिंडाऊला येऊन मिळाली आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या रेल्वेजाळ्याशीही जमिनीवरून जोडणी झाली. १८९९ मध्ये काठाकाठाने फ्रिडरिशहाफेनकडे जाणारा मार्ग सुरू झाला. अशा रीतीने उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तिन्ही बाजूंचे लोहमार्ग एकाच भरावावरून बेटावर येऊन थांबू लागले, आणि दक्षिणेला पाणी असल्यामुळे त्या बाजूची वाहतूक जहाजांनी सांभाळली. आज दिसणारी स्थानकाची इमारत मात्र त्यानंतरची. तिचे काम १९१३ मध्ये सुरू झाले, मध्ये पहिले महायुद्ध आले आणि ती १९२१ मध्ये पुरी झाली. काम सुरू झाले तेव्हा बव्हेरियात राजा होता, पुरे झाले तेव्हा प्रजासत्ताक. तिचे उंच छताचे प्रशस्त दालन पाहिले की, एवढ्याशा गावाला एवढे मोठे स्थानक कशासाठी, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर वरच्या इतिहासात आहे. ते स्थानक गावापेक्षा तीन देशांच्या नाक्यासाठी बांधलेले होते.

लिंडाऊ हे टर्मिनस आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसप्रमाणे इथे रूळ येऊन संपतात आणि पुढे जाणाऱ्या गाडीला आल्या वाटेने परत फिरावे लागते. म्युनिक–झुरिक एक्स्प्रेस वर्षानुवर्षे हेच करीत असे. ब्रेगेन्त्सच्या बाजूची वीजतार १९५४ मध्येच लिंडाऊपर्यंत आली होती, पण जर्मनीकडच्या मार्गांवर ती २०२० पर्यंत नव्हती. त्यामुळे म्युनिकहून येणारी गाडी डिझेल इंजिने ओढून आणत, ती बेटावर सुटी केली जात आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला स्वित्झर्लंडचे विजेवर चालणारे इंजिन जोडले जाई. तेवढ्या अवधीत प्रवासी फलाटावर उतरत, बंदराकडून येणारा वारा अंगावर घेत आणि पुन्हा डब्यात चढून उलट्या दिशेने निघत. रेल्वेचे वेड असणाऱ्यांना याचे अप्रूप होते. वेळापत्रक आखणाऱ्यांना मात्र हा खोळंबा वाटे आणि त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. दोन मोठी शहरे जोडणाऱ्या गाडीने वाटेत इतका वेळ दवडणे परवडणारे नव्हते.

यातूनच बेटावरचे स्थानक बंद करून किनाऱ्यावरच्या रॉयटिन भागात नवे स्थानक बांधावे, अशी योजना पुढे आली. रॉयटिनला गाडी फिरवावी लागत नाही, ती सरळ ब्रेगेन्त्सकडे जाऊ शकते. गावात यावरून कित्येक वर्षे वाद चालला. बेटावर रुळांनी अडवलेली मोठी जागा मोकळी होईल, हा एका बाजूचा मुद्दा होता. बेटावरून रेल्वे गेली की बेटावरचे जगणे, दुकाने आणि जहाजांशी असलेली जोडणी यांचा कणाच मोडेल, असे दुसरी बाजू सांगत होती. २०१२ मध्ये नागरिकांनी मतदान केले आणि दोन्ही स्थानके ठेवण्याचा तोडगा पक्का झाला : दूर पल्ल्याच्या गाड्या रॉयटिनला थांबतील, बेटावरचे स्थानक प्रादेशिक गाड्यांसाठी चालू राहील. डिसेंबर २०२० मध्ये लिंडाऊ-रॉयटिन स्थानक सुरू झाले, त्याच वेळी म्युनिकहून मेमिंगेनमार्गे येणाऱ्या मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले आणि तोवर मुख्य स्थानक म्हणवणारे बेटावरचे स्थानक 'लिंडाऊ-इन्झेल' (इन्झेल म्हणजे बेट) झाले. या विद्युतीकरणासाठी स्वित्झर्लंडने बिनव्याजी कर्ज दिले होते, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. शेजारी देशातल्या रुळांवर तार टाकण्यासाठी एखादा देश स्वतःच्या खिशात हात घालतो, तेव्हा तो त्या रुळांना आपल्याही दळणवळणाचा भाग मानत असतो. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, उल्म–फ्रिडरिशहाफेन–लिंडाऊ मार्गावरही वीज आली.

आता मूळ विनंतीच्या व्यवहाराकडे वळतो. म्युनिकहून लिंडाऊला येण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. झुरिकला जाणारी एक्स्प्रेस मेमिंगेनमार्गे साधारण दोन तासांत रॉयटिनला सोडते. तिथून बेटावर प्रादेशिक गाडीने किंवा गावच्या बसने काही मिनिटांत जाता येते. दुसरा मार्ग केम्प्टेनचा, म्हणजे १८५३ चा मूळ मार्ग. त्यावर आजही तार नाही, डिझेलच्या प्रादेशिक गाड्या धावतात, वेळ पाऊण-एक तास अधिक लागतो, पण त्या थेट बेटावर येतात. माझी शिफारस या दुसऱ्या मार्गाची आहे. इमेनश्टाटच्या पुढे आल्पझे तलाव खिडकीला लागून येतो आणि शेवटी भरावावरून जाताना दोन्ही बाजूंना पाणी असते. तो अर्धा किलोमीटर तुमच्या प्रवाशांनी खिडकीशी उभे राहून पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. यांतल्या बऱ्याच गाड्यांचे इमेनश्टाटला दोन भाग होतात, एक ओबर्स्टडोर्फला जातो आणि दुसरा लिंडाऊला. टूर मॅनेजरने म्युनिकलाच डब्यावरची पाटी वाचून गट योग्य भागात बसवला पाहिजे, नाहीतर निम्मी मंडळी भलत्याच डोंगरात पोहोचतील.

सामानाचे काय, हा आपला पहिला प्रश्न असेल. त्याचे उत्तर आपल्या हातात आहे. आपली बस रद्द करण्याची गरजच नाही. सामान बसमध्ये राहू द्यावे, चालकाने महामार्गाने लिंडाऊला यावे आणि प्रवाशांनी फक्त खांद्यावरची पिशवी घेऊन रेल्वेने यावे. युरोपीय नियमांनुसार चालकाला साडेचार तास बस चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती द्यावीच लागते. बस आधी पोहोचली तर ती विश्रांती लिंडाऊतच होऊन जाते आणि पुढच्या टप्प्याला चालक ताजा असतो. बस मात्र बेटाच्या अरुंद गल्ल्यांत आणण्याचा हट्ट धरू नये, गट घेण्याची जागा आधी ठरवून ठेवावी.

दुसरा प्रश्न ज्येष्ठ नागरिकांचा, आणि तो रास्त आहे, कारण आपल्या सहलींत साठीच्या पुढची मंडळी मोठ्या संख्येने असतात. इथे टर्मिनस असण्याचा फायदा होतो. जिथे रूळ संपतात तिथे सगळ्या फलाटांची टोके एकत्र येतात, त्यामुळे कुठल्याही गाडीतून उतरले तरी पूल चढण्याची किंवा भुयारी वाट उतरण्याची वेळ न येता सरळ चालत दालनात आणि दालनातून बाहेरच्या चौकात येता येते. चौकातून बंदर दोन-तीन मिनिटांच्या सावकाश चालीवर आहे. बेटाची जुनी वस्ती, रंगीत चकाकत्या कौलांचा तेराव्या शतकातला मांगटुर्म हा जुना मनोरा, भित्तिचित्रांनी नटलेले जुने नगरभवन आणि दक्षिणेकडचा धक्का, हे सारे पायी होण्याजोगे आहे. स्वच्छ दिवशी धक्क्यावरून समोर ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे डोंगर दिसतात.

तिसरा प्रश्न वेळ पाळण्याचा. जर्मन रेल्वे म्हणजे घड्याळ, ही आपल्याकडची समजूत आता खरी राहिलेली नाही. २०२४ मध्ये तिथल्या दूर पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर धावल्या, हा खुद्द रेल्वेचाच आकडा आहे. दुरुस्तीच्या कामांसाठी मार्ग काही दिवस बंद ठेवण्याचे प्रकारही वाढले आहेत. म्हणून रेल्वेचा टप्पा अशा दिवशी ठेवावा, ज्या दिवशी संध्याकाळी कुठले आरक्षित दर्शन किंवा विमान गाठायचे नाही. चाळीस जणांच्या गटाची आगाऊ नोंदणी करावी आणि निघण्याच्या दोन दिवस आधी मार्गावर काम चालू नाही ना, ते तपासावे. आपल्या प्रवाशाला हे आधीच मोकळेपणाने सांगितले तर तो अर्ध्या तासाचा उशीर समजून घेतो. जे सांगितलेले नसते त्याचाच राग येतो.

जेवणाबाबत मी फार सांगत बसणार नाही, ठेपले, दशम्या आणि चटण्यांची व्यवस्था आपल्याइतकी चोख कोणाची नसते. पारपत्रांबद्दल मात्र एक सूचना करतो. पुढे ब्रेगेन्त्स किंवा स्वित्झर्लंडकडे रेल्वेनेच जाणार असाल तर गटाची पारपत्रे बसमधल्या पेटीत ठेवू नका. तिन्ही देश शेंगेनमध्ये असले तरी गाडीत तपासणी होऊ शकते आणि अशा वेळी ज्याचे त्याच्या हाती असणेच श्रेयस्कर.

लिंडाऊहून पुढे काय, हेही पाहण्याजोगे आहे. फोरार्लबेर्गची एस-१ लोकल बेटावरून सुटून ब्रेगेन्त्समार्गे ब्लुडेन्त्सपर्यंत जाते. तिच्यातून ब्रेगेन्त्सला उतरून रज्जुमार्गाने फेंडरवर जाता येते, म्हणजे एरवी ज्या डोंगराच्या पोटातून तुमची बस जाते त्याच्या माथ्यावर. उन्हाळ्याच्या हंगामात बंदरातून सरोवरातल्या इतर गावांना जहाजे सुटतात. एका स्थानकाच्या दारातून तीन देशांच्या गाड्या आणि जहाजे गाठता येतात, हे आपल्या प्रवाशांना कदाचित दुसरीकडे कुठे इतके सहज अनुभवता येणार नाही.

आपल्या कार्यक्रमपत्रिकांमध्ये रेल्वेचा उल्लेख येतो तो बहुधा बर्फाच्या शिखरावर नेणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीचा. ती गाडी सुंदरच आहे, परंतु तिच्यात बसणारे बहुतेक सगळे आपल्यासारखेच पाहुणे असतात. केम्प्टेनहून लिंडाऊला येणाऱ्या गाडीत शाळेतून घरी जाणारी मुले असतात, सायकली घेऊन चढणारी कुटुंबे असतात, बाजारहाट करून परतणाऱ्या आज्या असतात. पंधरा दिवसांच्या सहलीत त्या देशातले लोक रोजचा दिवस कसा काढतात हे पाहण्याची संधी आपल्या प्रवाशाला क्वचितच मिळते, कारण त्याचा बराचसा वेळ आपल्याच माणसांनी भरलेल्या बसमध्ये जातो. ज्या गावाने मतदान करून आपले स्थानक राखले त्या गावात त्याच स्थानकातून पाऊल ठेवणे हा त्या लोकांच्या निर्णयाचा मान राखण्याचा साधा मार्गही आहे. बेटावरच्या स्थानकाचे भवितव्य शेवटी तिथे उतरणाऱ्या प्रवाशांच्या संख्येवरच अवलंबून राहणार, आणि पर्यटक हाही प्रवासीच असतो.

माझी मागणी तेवढीच आहे. येत्या हंगामातल्या एखाद्या सहलीत, हवी तर एकाच गटापुरती, म्युनिक–केम्प्टेन–लिंडाऊ ही गाडी ठेवून पाहा आणि बेटावर किमान तीन तास द्या. पंधरा मिनिटांचा 'फोटो स्टॉप' नको. टूर मॅनेजरला या मार्गाची थोडी माहिती आधी द्या, जेणेकरून भराव येण्यापूर्वीच तो प्रवाशांना खिडकीशी बोलावील. परतल्यावर प्रवाशांकडून अभिप्रायाचे जे पत्रक आपण भरून घेता त्यात या टप्प्यासाठी वेगळी ओळ ठेवा आणि पुढचा निर्णय त्यावरून घ्या. वेळापत्रक, मार्ग किंवा स्थानकाची माहिती मराठीत लिहून हवी असल्यास ती विनामूल्य तयार करून देण्यास मी आनंदाने तयार आहे.

आपला,
बव्हेरियात राहणारा एक मराठी रेल्वेप्रवासी